लाल चिमटा

"काका, खिशात झुरळ शिरलंय की काय? किती चाचपताय!"

कॅन्टीनच्या टेबलाशी बसलेला टायरवाला हसला. बसची दारं दुरुस्त करतात म्हणून सगळे ज्यांना दारकाका म्हणत, ते काही हसले नाहीत. त्यांनी शर्टाचा खिसा उलटा केला, पँटचे दोन्ही केले, चष्म्याचं घरसुद्धा उघडून पाहिलं. लाल चिमटा कुठेच नव्हता. चहा तसाच टाकून ते उठले.

लाल चिमटा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. वीतभर लाल तार आणि तिच्या दोन टोकांना दोन चिमटे, बस्स. आगारातल्या बसची दारं हवेच्या दाबावर उघडतात आणि मिटतात. दाराच्या रबरी कडेत एक पट्टी असते. कुणाचा हात मध्ये आला की तिला कळतं आणि दार आपणहून मागे सरतं. पण दार किती जोरात मिटावं हे लावायला बसलं की ही पट्टी सारखी मध्ये मध्ये लुडबुडते. म्हणून मेकॅनिक तिला तेवढ्यापुरतं चिमट्याने गप्प बसवतो. काम संपलं की चिमटा काढायचा, खिशात टाकायचा आणि मग मिटत्या दारात स्वतःचा हात घालून बघायचा. हे हात घालणं नियमात कुठेही लिहिलेलं नाही. काकांना ती सवय त्यांच्या उस्तादाने लावली. "लोकांच्या आधी आपला हात," एवढंच तो म्हणायचा. एकतीस वर्षं काकांनी प्रत्येक दारात हात घातला होता.

आणि आज सकाळी? सतरा नंबरच्या मागच्या दारात घातला होता का?

काकांनी डोकं खाजवलं. स्टुलावर उभे होते, दारावरचं झाकण उघडं होतं, चिमटा लावलेला होता. इथपर्यंत सगळं लख्ख आठवत होतं. मग लेकीचा फोन आला.

"बाबा, तुमची खोली तयार झाली! पलंग खिडकीकडे लावू की भिंतीकडे?"

शनिवारी काका निवृत्त होणार होते आणि रविवारी लेकीकडे राहायला जाणार होते. "विचारून सांगतो," ते म्हणाले होते. कुणाला विचारणार होते देव जाणे. बायकोला जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी जीभ अजून तेच बोलायची. मग फोन कानाशी तसाच धरून, खिडकी की भिंत या विचारात, त्यांनी झाकणाचे स्क्रू पिळले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, बस गेली. हात घातल्याचं काही केल्या आठवेना.

कंट्रोल रूमला एक फोन केला असता तर बस जागच्या जागी थांबली असती. पण त्याची नोंद झाली असती. दोषांच्या रजिस्टरात काकांच्या नावापुढचा रकाना एकतीस वर्षं कोरा होता. शनिवारच्या समारंभात साहेब नेमकं हेच सांगणार होते. भाषण त्यांनी काकांना आधीच वाचून दाखवलं होतं, दोनदा.

गुपचूप गाठू, गुपचूप काढू, असं मनाशी म्हणत काका त्याच मार्गावरच्या पुढच्या बसमध्ये चढले.

बसले, उठले, पुढे गेले, परत मागे आले. प्रत्येक थांब्यावर दार फुस्स करून उघडायचं, ठक करून मिटायचं आणि काकांचा जीव वरखाली व्हायचा. "सतरा नंबर किती पुढे असेल हो?" त्यांनी ड्रायव्हरला चौथ्यांदा विचारलं.

"काका, मी हिला चालवू की तिला शोधू? बसा बघू शांत."

शांत कसले बसतात! एक म्हातारी काठी आधी खाली टेकवून हळूहळू उतरली, तिच्या मागे दार मिटलं. तिथे सतरा नंबर असती तर? एक बाई पर्स काखेत मारून धावत आली आणि तिने मिटत्या दाराला खुशाल हात लावला. दार मुकाट्याने उघडलं. लोकांचा दारांवर किती विश्वास असतो, हे काकांना आज पहिल्यांदाच दिसलं, आणि त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

सिग्नलला सतरा नंबर दिसली. काका उतरून धावले. साठीला टेकलेल्या माणसाने धावून धावून किती धावावं? सिग्नल सुटला आणि बस निघून गेली. ते दिव्याच्या खांबाला धरून धापा टाकत राहिले. समोर शाळा होती. फाटकातून पोरं दप्तरं उडवत बाहेर पडत होती आणि बसथांब्याकडे पळत होती. पुढच्या थांब्यावर दुसरी शाळा आहे, हे काकांना ठाऊक होतं. ती सुटायचीही हीच वेळ.

आग लागो त्या कोऱ्या रकान्याला! काकांनी कंट्रोलला फोन लावला.

"सतरा नंबर थांबवा. आत्ताच्या आत्ता. मागचं दार बंद करू नका म्हणावं."

"कारण काय लिहू?" कंट्रोलच्या बाईंनी विचारलं.

"माझी चूक. लिहा तसंच."

बस पुढच्या थांब्यावर दार उघडं टाकून उभी होती. लोक खाली उतरून कुरकुरत होते, पोरांना तर मज्जाच वाटत होती. काकांनी सगळ्यांना लांब उभं केलं. झाकण उघडून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण सकाळचं राहिलेलं काम हात घालण्याचं होतं, आणि त्यांना ते आधी करायचं होतं. त्यांनी बाही वर सारली, उजवा हात चौकटीत घातला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मिटा."

दार मिटलं आणि मिटलेलंच राहिलं.

हात कोपराखाली चेपला. काकांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ड्रायव्हर घाबरून मिटायचंच बटण दाबत सुटला. कुणीतरी किंचाळलं. आणि काकांना काय वाटलं म्हणाल, तर हायसं वाटलं. माझाच आहे हात, माझाच, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

"दाराच्या वर लाल मूठ आहे," ते दात आवळून म्हणाले. "फिरवा ती."

हवा सुटली, दार ढिलं पडलं. काकांनी डाव्या हाताने स्क्रू सोडवून झाकण उघडलं. चिमटा आपला जिथल्या तिथे लटकत होता, सकाळपासून. त्यांनी तो काढला, खिशात टाकला, मूठ जागेवर फिरवली, हवा भरू दिली आणि पुन्हा तोच उजवा हात दारात घातला.

"अहो, निदान दुसरा तरी घाला!" थांब्यावरच्या एक आजी कळवळून ओरडल्या.

"फरक यालाच कळेल, आजी. मिटा हो."

दार हाताला लागलं न लागलं तोच मागे सरलं.

आगारात साहेब डोक्याला हात लावून बसले होते. वयाने काकांच्या धाकट्या भावासारखे, मनाने चांगले. "कुणाला लागलं का? नाही ना? मग कंट्रोलला मी सांगतो, दार अडकलं होतं. दारं काय, कधीही अडकतात. हात दाखवून या आधी डॉक्टरांना."

"रजिस्टर द्या."

"काका, तीन दिवस राहिलेत हो! आणि माझ्या भाषणाचं काय?"

"तेवढं वाक्य खोडा," काका म्हणाले. "बाकी भाषण छान आहे."

उजव्या हाताची बोटं सुजून वळेनाशी झाली होती. काकांनी पेन डाव्या हातात घेतलं. सतरा नंबर, मागचं दार. चिमटा काढायचा राहिला, हात घालून पाहिलं नाही. पुढे 'कारण' असा रकाना होता. तिथे त्यांनी लिहिलं, लक्ष नव्हतं. आणि सही केली. पहिलीतल्या पोरासारखी वाकडीतिकडी झाली, पण झाली.

फोन वाजला. लेकच होती.

"बाबा, किती फोन केले! सकाळी मी कामाच्या मध्येच फोन केला का हो? काही घोटाळा नाही ना झाला?"

काकांनी उघड्या रजिस्टराकडे पाहिलं. शाई अजून वाळली नव्हती.

"छे गं," ते म्हणाले, "तुझ्या फोनने कसला घोटाळा होतोय! पलंग खिडकीकडे लाव."