खुर्चीतून मोजलेला वेग

ही गोष्ट एकोणीसशे अडुसष्ट सालची. त्या साली बंदरात बोटींना वेगमर्यादा लागू झाली आणि ती पाळली जाते का ते पाहायला एका मुलीची नेमणूक झाली. वय चोवीस, हातात सरकारी स्टॉपवॉच, गळ्यात शिट्टी. एवढ्याशा भांडवलावर माणूस किती शेफारू शकतो हे ज्यांना पाहायचं होतं, त्यांनी त्या वर्षी तिला पाहायला हवं होतं.

बोटी जोरात गेल्या की लाटा उसळायच्या आणि धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटायच्या. म्हणून नियम केला. बंदराच्या तोंडाशी एक दगडी खांब, आत दुसरा. मधलं अंतर कापायला बोटीला निदान एक मिनिट लागलंच पाहिजे. कमी लागलं की नोटीस, आणि तीन नोटिसा झाल्या की परवाना सहा महिने बंद. तिने धक्क्यावरच्या माडीवर बसायचं, घड्याळ लावायचं, शिट्टी फुंकायची आणि नोंदवहीत सगळं लिहायचं: बोट, वेळ, सेकंद, भरती की ओहोटी. अक्षर तिचं मोत्यासारखं. त्याचाही तिला गर्व होताच.

बोटवाले तिला शिट्टीबाई म्हणत. ती ऐकून न ऐकल्यासारखं करी, आणि घरी आल्यावर आरशासमोर कडक चेहऱ्याचा सराव करी.

तिच्या ताईचे यजमान पलीकडच्या काठाची फेरीबोट चालवत. पहिल्या नोटिशीला ते हसले. दुसरीला हसले नाहीत. तिसरी ती स्वतः त्यांच्या घरी घेऊन गेली, तेव्हा ते जेवत होते.

"शिट्टीबाई, अगं माझी बोट म्हातारी आहे. ती पळाली तर मीच तिचा सत्कार करीन."

"भावोजी, घड्याळाला नातं कळत नाही." हे वाक्य तिने येताना वाटेत जुळवलं होतं.

ताईने पातेलं आदळलं. "घड्याळाला नाही कळत, पण तुला? हे सहा महिने घरी बसले तर चूल काय तुझ्या शिट्टीने पेटवू? शुक्रवारी सुनावणीत बंदराच्या साहेबांपुढे बोलायच्या आधी एकदा यांच्या बोटीत बस. मग खुशाल आमचा गळा काप."

गुरुवारी दुपारी ती बसली. ओहोटी लागली होती. भावोजी अगदी जपून बोट आत आणत होते. इतकं जपून, की हातवल्ह्याच्या होडीतला एक म्हातारा त्यांना मागे टाकून गेला. जाता जाता म्हणाला, "ढकलू का मागून?"

तिने पहिल्या खांबाशी घड्याळ सुरू केलं. काही वेळाने बंद करून विजयी आवाजात म्हणाली, "बावन्न! बघा, आठ सेकंद कमी."

"बंद कशाला केलंस?" भावोजी म्हणाले. "खांब अजून तिकडे आहे."

"हे काय, बोया आला ना."

"बोया?" त्यांनी इंजीनच बंद केलं. "तू बोयावर वेग मोजतेस?"

बोया म्हणजे तळाला साखळीने बांधलेलं लाल तरंगतं पिंप. माडीवरच्या तिच्या खुर्चीतून दुसरा खांब दिसत नसे, मध्ये गोदामाचं छप्पर येई. तो पाहायला प्रत्येक वेळी उठून खिडकीतून वाकावं लागे. रुजू झाली त्या दिवशी तिने एकदाच वाकून पाहिलं, तेव्हा बोया बरोब्बर खांबासमोर होता. छान, आता उठायला नको, असं म्हणून ती जी बसली ती बसलीच. त्या वेळी भरती होती. ओहोटीला पाणी उतरतं, साखळी ढिली पडते आणि बोया बंदराच्या तोंडाकडे सरकतो, हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"तुझा साक्षीदार फिरायला निघालाय," भावोजी म्हणाले. मग तिचा चेहरा पाहून आवाज उतरवला. "हे बघ, मी कुणाला सांगणार नाही. तुझी नोकरी जाईल. सहा महिने काढू आम्ही कसेतरी."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी तिने नोंदवही उघडली. सदतीस नोटिसा. प्रत्येकीपुढे मोत्यासारख्या अक्षरात एकच शब्द: ओहोटी. वर्षभर ती तो रकाना सुबकपणे भरत होती. वाचला मात्र एकदाही नव्हता.

शुक्रवारी सुनावणीला खोली बोटवाल्यांनी गच्च भरली होती. साहेबांनी भावोजींचा परवाना समोर ओढला आणि तिला विचारलं, "तिसरी नोटीस तुमचीच ना?"

"माझीच. चुकीची आहे, साहेब. सदतीसच्या सदतीस चुकीच्या आहेत. मी खांबाऐवजी बोया धरला."

साहेबांनी चष्मा काढला. "का? खांब का नाही पाहिलात?"

वाटेत तिने तीन-चार भारदस्त वाक्यं जुळवली होती. ऐन वेळी एकही आठवेना.

"उठावं लागायचं, साहेब."

एवढा हशा तिने पुन्हा कधी ऐकला नाही. हातवल्ह्याचा म्हातारा तर भिंतीला टेकून डोळे पुसत होता. साहेबांनी सगळ्या नोटिसा रद्द केल्या, परवाना भावोजींच्या हातात ठेवला आणि शिपायाला हुकूम सोडला, "माडीवरची खुर्ची काढून घ्या."

नोकरी राहिली. पुढची एकोणीस वर्षं तिने उभ्यानेच वेग मोजला. पायाच्या शिरा सुजल्या, त्या आजतागायत.

हातवल्ह्याच्या म्हाताऱ्याने ती हकीकत दोन्ही काठांवर इतक्यांदा सांगितली, की शेवटी शेवटी त्यात बोया तिच्याशी बोलतही असे. साहेब निवृत्त होऊन समुद्रापासून लांब राहायला गेले. बोयाची साखळी आखूड करून घेतली होती, तरी एका वादळात तो सुटला तो सुटलाच. ताई त्या प्रकरणाबद्दल पुन्हा अवाक्षर बोलणार नाही म्हणाली, आणि मरेपर्यंत दर जेवणाला बोलली. भावोजींनी डोळे अधू होईपर्यंत फेरीबोट चालवली, एकही नोटीस न घेता.

आणि ती खुर्ची त्यांनी साहेबांकडून मागून घेतली. बोटीत सुकाणूशेजारी ठेवली होती. मेहुणी चढली की ते मुद्दाम उठून म्हणायचे, "बसा शिट्टीबाई. खांब मी बघतो."

ती कधी बसली नाही.