रविवारची झाडं

मिस्त्रींनी हात उंच करून एक पान तोडलं, तळव्यावर चुरगळलं आणि मेव्हणीच्या नाकाशी धरलं.

“कापराचं झाड. येतोय का वास?”

“दाजी, मला सर्दी झालीय. आत्ता शेण हुंगायला दिलंत तरी कळायचं नाही.”

“तुझी ताई लगेच ओळखायची.”

धाकटीनं पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि पुढं चालू लागली. बाग मोठी होती. तळ्याला नुसता वळसा घालायचा म्हटलं तरी अर्धा दिवस जायचा.

मिस्त्री पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे. बायको गेल्यावरही त्यांनी बागेतला रविवार चुकवला नव्हता. तिला झाडांचं वेड. आपण गेलो नाही तर तिच्या जिवाला लागेल, एवढंच त्यांना कळत होतं. आज चार दिवसांसाठी आलेल्या धाकटीलाही ते घेऊन आले होते. बहिणीचा जीव कशात होता, ते तिनं एकदा बघावं म्हणून.

पुढच्या वळणावर ते थांबले.

“ही गोरखचिंच. हिच्या पोटात पाणी साठतं. टाकीच म्हण.”

“तरीच म्हटलं, ही ओळखीची का वाटतेय.” धाकटीनं त्यांच्या पोटाकडं बघितलं.

मिस्त्री हसले. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्यांना ठसका लागला.

तळ्याकाठच्या बाकावर त्यांनी रुमालानं धूळ झटकली आणि तिला बसायला जागा करून दिली. पाण्यात बदकं डोकी खुपसत होती.

“इथंच बसायची. उठायचं नावच नाही. मी तिला एकेका झाडाचं सांगायचो. घरी पुस्तक आणून वाचायचो त्यासाठी. कंटाळा यायचा गं, पण तिचा जीव रमायचा ना.”

“तुम्हाला कंटाळा यायचा?”

“मग? सुट्टीच्या दिवशी माणूस झोपेल की झाडं मोजत फिरेल?”

धाकटी हसली नाही.

“दाजी, ताईला गवत आणि कोथिंबीर यातला फरक कळत नव्हता.”

“काहीतरीच बोलू नकोस.”

“खरंच. मी विचारलं होतं तिला, दर रविवारी उन्हातान्हात काय ठेवलंय तिथं? तर म्हणाली, हे घरी आठवडाभर ‘हं’ आणि ‘बरं’ एवढंच बोलतात. तिथं गेलं की मोकळे होतात. झाडाचं का असेना, बोलतात.”

मिस्त्रींनी एका हाताच्या नखानं दुसऱ्या हाताचं नख खरवडायला घेतलं. नखात काळं ऑइल नव्हतं, तरी ते खरवडत राहिले.

“सांगायचं ना मग तिनं.”

“काय सांगणार? बोला म्हणून?”

मिस्त्री बाकाचा हात घट्ट धरून उठले.

परतीच्या वाटेवर मिस्त्री एकाही झाडापाशी थांबले नाहीत. फाटकाच्या अलीकडं एक उंच झाड होतं; शेंडा बघायचा तर मान मोडायची. धाकटीनं आपणहून वर बोट केलं.

“आणि हे कुठलं?”

“माहीत नाही.”

त्यांना माहीत होतं. झाडाचं नावच नव्हे, आणखीही बरंच काही. वर्कशॉपमध्ये एका बिघडलेल्या पंपाशी झटताना त्यांच्या मनात ते आलं होतं, आणि येत्या रविवारी सांगू म्हणून त्यांनी ते राखून ठेवलं होतं. त्या रविवारी ती दवाखान्यात होती. तिथं, इतक्या माणसांत, झाडाचं काय बोलायचं, म्हणून ते गप्प बसले होते.

“तू हो पुढं. आलोच.”

धाकटी गेली. मिस्त्रींनी बुंध्यावर हात ठेवला. आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं.

“याला मोटार नाही बघ,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह नाही, काही नाही. तरी पार शेंड्याच्या पानापर्यंत पाणी चढतं. आवाजसुद्धा होत नाही. कसं होतं ते सांगतो…”

ते सांगत राहिले. मधेच त्यांनी फाटकाकडं बघितलं. धाकटी वाटेच्या कडेला पाठमोरी बसून चपलेतला खडा काढत होती. एवढा वेळ खडा काढायला लागत नाही.