हिकडून बी खूण

सुंदराबाईचं बोट कापलं त्या दिवशी नर्सरीत कुणालाच जेवण गेलं नाही.

पिंपरी पेंढारच्या शिवारातली ती दादाभाऊंची नर्सरी. पन्नाशीला टेकलेली सुंदराबाई तिथं कलमं बांधायची. रानवांग्याचा कोवळा खुंट तिरका कापायचा, त्यावर टोमॅटोचा तसाच तिरका कापलेला शेंडा बसवायचा आणि इवलीशी क्लिप लावायची. दोन्ही काप केसाएवढेही इकडंतिकडं झाले, की रोप मान टाकतं. तिच्या हातची शंभरातली पंच्याण्णव कलमं जगायची. दहाव्या वर्षी तापात तिचे कान गेले होते. समोरच्याचं बोलणं ती ओठांवरून ओळखायची, बोलायचीही, पण पाठीमागून मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचायचीच नाही.

त्या दिवशी मंचरचं गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं होतं. कुठले ट्रे तयार झालेत ते सुंदराबाईलाच ठाऊक. ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या वृषालीनं खिडकीतून सांगितलं, "गेणभाऊ, मावशींना जरा बोलवा." गेणभाऊ घाईचा गडी. शेडमध्ये शिरला आणि मागून तिच्या खांद्यावर थाप मारली. सुंदराबाई दचकली. हातातलं पातं डाव्या हाताच्या बोटात खोल गेलं. चार टाके पडले.

दादाभाऊ माणूस भला. त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. "सुंदराबाई, आता कलमावर बसू नका. पुढं ट्रे धुवायला बसा. तिथं माणूस समोरनं येतो, दिसतो तरी."

सुंदराबाईनं त्यांचे ओठ वाचले, मान हलवली आणि घरी गेली. टाके निघाले, आठवडा उलटला, तरी ती कामावर आली नाही.

वृषालीच्या मनाला ते लागून राहिलं. थाप गेणभाऊची, पण 'बोलवा' म्हणणारी तर तीच होती. नुसतं चुकचुकून काय होणार, म्हणून रविवारी तिनं कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. लग्नाआधी ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होती, शेवटचं वर्ष राहून गेलं. डब्यात तेव्हाचा तळहातापेक्षा लहान निळा बोर्ड होता. त्यावरचा दिवा कॉम्प्युटरवरून चालू-बंद करायचा, असा त्यांचा दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. पण खरं सांगायचं तर ते सगळं तिच्या जोडीदारणीनं, इंद्रायणीनं केलं होतं. वृषालीनं सुवाच्य अक्षरात फाइल तेवढी लिहिली होती. परीक्षेत मार्क दोघींना सारखेच मिळाले, आणि ती गोष्ट तिला इतकी वर्षं आतून टोचत आली होती.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं बोर्ड ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडला. बोर्डावरचा बारीक दिवा लागला, पण कॉम्प्युटरला मात्र काही जोडलंय याचा पत्ताच नव्हता. तिनं सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, इंटरनेटवर शोधलं, दुसऱ्या भोकात घालून पाहिलं. मंगळवारीही तेच. बुधवारी तिनं शेवटी इंद्रायणीला फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"वायर कुठली लावलीस?" इंद्रायणीनं सगळं ऐकून विचारलं.

"मोबाइलच्या चार्जरची."

"मग बरोबर. त्यातल्या कितीतरी वायरींतून नुसती वीज जाते गं, बोलणं जात नाही. दुसरी आण."

आळेफाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानातून तिनं दुसरी वायर आणली. ती लावताच कॉम्प्युटरनं टुण्‌कन आवाज केला आणि यादीत बोर्डाचं नाव आलं. पुढचे पाच दिवस तिचा जेवणाचा डबा तसाच उघडा राहायचा, भाकरी वाळून जायची. बोर्डात तिनं एक छोटा प्रोग्रॅम भरला. एक आला की दिवा लाव, शून्य आला की विझव. दुसरा प्रोग्रॅम कॉम्प्युटरचा. पडद्यावर एक चौकट, चौकटीत 'बोलवा' असं मोठं बटण. ते दाबलं, की वायरीतून एक जायला हवा. सुरुवातीला दिवा मनाला येईल तसा लुकलुकायचा. कॉम्प्युटर एका वेगानं बोलत होता आणि बोर्ड दुसऱ्याच वेगानं ऐकत होता. हे तिच्या ध्यानात आलं, तिनं दोन्हीकडं एकच वेग टाकला, बटण दाबलं. दिवा लागला. बंद केला, विझला. तिनं पुन्हा लावला. असं तिनं वीसेक वेळा तरी केलं असेल. फाइल लिहिणाऱ्या मुलीनं ते केलं होतं, आणि या वेळी एकटीनं.

बोर्ड टेबलावरच राहिला. त्याच्यापासून शेडपर्यंत गेणभाऊनं खांबाखांबानं वायर ओढून दिली. बोट कापलं त्या दिवसापासून तो सुंदराबाईचं नाव निघालं की मान खाली घालायचा, पण या कामाला स्वतःहून पुढं झाला. कलमाच्या टेबलासमोर, नजर वर केली की दिसेल असा पिवळा दिवा बसला.

वृषाली ओढ्यापलीकडं सुंदराबाईच्या घरी गेली. नवरा म्हस्कू मेंढरं घेऊन कोकणात उतरलेला, घरी ती एकटीच होती. समोर बसून वृषालीनं सगळं समजावलं. "मावशी, आता कुणी हात लावणार नाही. दिवा लागला की समजायचं, ऑफिसात बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी सुंदराबाई आली. टेबलाशी बसली. वृषालीनं ऑफिसातून दिवा लावला, विझवला आणि आशेनं शेडमध्ये पळत गेली. सुंदराबाईच्या तोंडावर हसू नव्हतं.

"चांगलाय," ती तिच्या जड आवाजात म्हणाली. "पर मी काय करायचं?"

"यायचं ऑफिसात."

"आन् हातात कलम आसलं तर? मी बघितलं का न्हाई, तुला कसं कळणार?" सुंदराबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. "आमी मेंढरांमागं फिरायचो तवा ह्यो त्या डोंगराला आन् मी ह्या डोंगराला. त्यानं घोंगडं हालवलं, की मी बी हालवायची. मी हालवलं न्हाई तर त्यो तितंच हुबा ऱ्हायचा. खूण तिकडून आली, की हिकडून बी गेली पायजे, पोरी. न्हाईतर ती खूण न्हवं, हुकूम झाला."

वृषालीला आधी वाईट वाटलं. इतकं राबून हातात हे आलं. मग ऑफिसात परतताना तिला जाणवलं, की आपण दिवा करताना एकदाही मावशींना काय हवंय ते विचारलं नव्हतं. तिनं काढलेल्या चौकटीत एकच बटण होतं आणि ते तिच्याच हातात होतं.

परत डबा उघडा राहू लागला. शेडमध्ये टेबलाच्या कडेला दारावरच्या बेलचं बटण बसलं, त्याच्या दोन वायरी बोर्डापर्यंत आल्या. सुंदराबाईनं एकदा दाबलं तर पडद्यावर 'येते' उमटेल, दोनदा दाबलं तर 'थांबा'. आणि दिवा लागलेला नसताना दाबलं, तर 'मावशी बोलावतात'. हे तिसरं सुंदराबाईनंच सांगितलं. पण विहिरीवरची मोटर सुरू झाली, की विजेच्या झटक्यानं कुणी न दाबताच अक्षरं उमटायची. गेणभाऊ दोनदा उगाच शेडपर्यंत पळाला. वृषालीनं प्रोग्रॅममध्ये बदल केला, की बटण क्षणभर दाबून धरलं तरच मोजायचं. मग ते खोटं बोलावणं थांबलं.

दादाभाऊ हे सगळं लांबून पाहत होते. 'होऊ द्या' एवढंच म्हणाले. सुंदराबाईला कलमावर बसू दिलं होतं, पण ट्रे धुण्याचं बोलणं अजून मागं घेतलं नव्हतं.

फाल्गुनातल्या एका दुपारी सगळी माणसं जेवायला बसलेली असताना पडद्यावर अक्षरं आली, 'मावशी बोलावतात'. वृषाली हातातला घास टाकून पळाली, मागून दादाभाऊ. नव्या कलमांना आठवडाभर दमट हवेत ठेवायचं असतं, त्यासाठी शेडमध्येच, कलमाच्या टेबलाजवळ प्लास्टिकचा लांब बोगदा होता. त्यातले धुकं सोडणारे फवारे बंद पडले होते. तीन हजार कलमांच्या माना लवायला लागल्या होत्या. सुंदराबाई हातपंपानं पाणी फवारत होती. ती ते सोडून ऑफिसात बोलवायला गेली असती, तर तेवढ्यात कलमं उन्हानं सुकली असती.

"जाळी चोंदली," ती न थांबता म्हणाली. "वरती वली पोती टाका."

गेणभाऊनं पाइपची जाळी काढून धुतली. दादाभाऊंनी स्वतः ओली पोती अंथरली. अर्ध्या तासात धुकं पुन्हा सुटलं. दिवस मावळेपर्यंत बहुतेक रोपं सावरली. कडेचे चार ट्रे तेवढे गेले. दादाभाऊंनी ते स्वतः उचलून बाहेर ठेवले. मग सुंदराबाईच्या समोर येऊन, तिला ओठ दिसतील असे, म्हणाले, "चुकलं माझं. ट्रे धुवायचं मनातनं काढून टाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाभाऊ ऑफिसात आले आणि वृषालीला बाजूला करून त्यांनी स्वतःच 'बोलवा' दाबलं. थोड्या वेळानं उत्तर उमटलं, 'थांबा'.

दादाभाऊंना कुणी थांबा म्हणायची सवय नव्हती. ते दाराकडं निघाले. मग पडद्याकडं एकदा बघून परत फिरले आणि खुर्चीवर बसले.

"थांबायचं?" त्यांनी विचारलं.

"थांबायचं, भाऊ," वृषाली म्हणाली. "चहा घेता का तोवर?"

चहा अर्धा झाला तेव्हा पडद्यावर 'येते' आलं. दादाभाऊंनी कप खाली ठेवला.

"काय गं, आसलं विहिरीवर बी करता येईल का? मोटारीच्या आवाजात गेणभाऊला फोन ऐकू येत नाही. उगा बोंबलत बसतो मी."

"येईल की. वायर किती लागंल ते मोजावं लागंल."

बाहेर उभ्या गेणभाऊनं ते ऐकलं आणि कुणी सांगायच्या आत विहिरीकडं पावलं मोजत निघाला.