उजवी बाजू

दीपश्री उताणी होऊन गाडीखाली सरकली आणि चावीच्या टोकानं काळं डांबर खरवडायला लागली. डाव्या बाजूचं हे काम कालच झालेलं. आत खरंच नवा पत्रा बसवलाय की पुट्टी थापून वरून डांबर फासलंय, ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

डांबर सुटलं. खाली कोरा पत्रा, आणि कडेनं मुंग्यांच्या रांगेसारखा बारीक वेल्डिंगचा टाका.

बरं वाटायचं सोडून तिला रागच आला. इथं चोरी नाही म्हणजे दुसरीकडं कुठंतरी असणार.

"अक्का, तपासून झालं असेल तर बाहेर या," पुंडलिक वरून म्हणाला. "केसांना डांबर लागलं तर रॉकेलनं धुवावं लागतंय."

"माझे केस मी बघीन. तुम्ही गाडीचं बघा."

पुंडलिक म्हणजे केशवापूरच्या मागच्या गल्लीतला टिंकर, पत्र्याचं काम करणारा. मूळचा अळणावरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. जो माणूस कमी बोलतो तो काहीतरी लपवतो, असं दीपश्रीचं ठाम मत होतं. शिवाय अप्पांनी, तिच्या वडिलांनी, बजावून पाठवलं होतं. "डावी बाजू तेवढी करून घे. उजवीचं पक्कं काम मी सहा वर्षांमागं करून घेतलंय, तिला हात लावू देऊ नको. हे टिंकर लोक एक उघडतात आणि चार काढतात."

गाडी चौसष्टची फियाट. लॉरीसारखी वेगळी चासी तिला नाही. पोटाखालून पत्र्याच्या दोन पोकळ पट्ट्या जातात, एक डावीकडं, एक उजवीकडं. त्यांच्यावरच सगळी गाडी उभी. याच गाडीवर अप्पांनी, म्हणजे शेषगिरींनी, अर्ध्या हुबळीला ड्रायव्हिंग शिकवलेलं. शिकणारा उजवीकडं स्टेअरिंगवर, अप्पा डावीकडं, त्यांच्या पायाखाली जादा ब्रेक. पडून मांडी मोडली तेव्हापासून अप्पा काठीवर आणि गाडी छपरीत.

आता स्कूल दीपश्री चालवणार होती. दहावीत गणिताच्या बाईंशी भांडून शाळा सोडली, त्याला चार वर्षं झाली. शिवणाच्या क्लासात आठवडा टिकली, टायपिंगच्या क्लासात दोन दिवस. स्टेअरिंगवर मात्र तिचा हात स्थिर असायचा. देशपांडे नगरातल्या तीन बायका तिच्याकडं शिकायला तयार होत्या. खंडे नवमीला गाडीची पूजा, दुसऱ्या दिवशी पहिला धडा. हे बुडालं तर घरात पुन्हा लग्नाची बोलणी सुरू होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती रोज सकाळी गॅरेजात येऊन स्टुलावर बसायची. आणि पुंडलिकची एक खोड तिच्या डोळ्यांत सलायची. दोन टाके मारले की हा उठून गाडीचं दार उघडायचा, लावायचा, परत उघडायचा.

"सारखं दार उघडून काय शोधालाय?"

"दार काय म्हणतंय ते ऐकतो."

"मग काय म्हणतंय?"

"तुमच्यापेक्षा गोड बोलतंय."

बाजूचा वायरमन फिसकन हसला. दीपश्रीचे कान तापले.

त्या दुपारी पुंडलिकनं हातोडी घेऊन डावी पट्टी ठोकली. ठण्ण. मग उजवी ठोकली. थप्प. त्यानं तिच्याकडं बघितलं.

"डांबर जाड आहे तिकडं," ती म्हणाली.

"असेल."

"आणि उजवीला हात लावायचा नाही. अप्पांनी सांगितलंय."

"त्यांनी सांगितलंय होय?" पुंडलिकनं हातोडी खाली ठेवली. मग उगाच फडक्याला हात पुसत तो बाहेर निघून गेला. दीपश्रीनं तेही लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती आल्या आल्या तो म्हणाला, "दाराचं रबर आणायला पाहिजे. धारवाडला जाऊन या. सुभाष रोडवर मिळतंय."

"हुबळीत मिळत नाही?"

"जुन्या फियाटचं नाही."

ती बसनं धारवाडला गेली. सुभाष रोडवरच्या दुकानदारानं रबराचं भेंडोळं काढून दिलं आणि सहज विचारलं, "हुबळीहून एवढ्यासाठी आलात? तुमच्या केशवापुरातच मिळतंय की."

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी होती तरी ती बसली नाही. दांडा धरून उभी राहिली, कंडक्टरवर खेकसली, आणि बस थांबायच्या आत उतरली.

गॅरेजात शिरली तर उजवी बाजू उघडलेली. गाडी वाकू नये म्हणून दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे मारलेले, आणि पुंडलिक घाईघाईनं पोत्यात काहीतरी कोंबत होता.

"पोत्यात काय आहे?"

"भंगार."

"आमच्या गाडीचं भंगार आमचं. इकडं द्या."

"अक्का, हात कापेल. राहू द्या."

"भाड्याच्या बैलासारखं धारवाडला पिटाळलंत मला! चांगला माल काढून घ्यायला ना? द्या म्हणते!"

तिनं पोतं हिसकावलं आणि फरशीवर उपडं केलं.

पत्र्याचे लांब लांब तुकडे पडले. गंजलेले, कडेला रिपिटा मारलेले, पुट्टीची ढेकळं चिकटलेली. वेल्डिंगचा टाका एकावरही नव्हता. एक तुकडा पायाशी उलटा झाला. पिवळा रंग. त्यावर काळ्या अक्षरात 'शेषगि'. दुसऱ्यावर नुसतं 'स्कूल'. तिसऱ्यावर लाल एल, आणि त्याच्या शेपटाला रंगाचा एक ओघळ.

तो ओघळ तिच्या बोटाचा होता. पाटी ओली असताना तिनं बोट लावलं होतं, म्हणून पेंटर ओरडलाही होता. मग एका पावसाळ्यात ती पाटी वाऱ्यानं उडून गेली, असं अप्पांनी सांगितलं. तेरा वर्षांची दीपश्री दोन दिवस केशवापूरच्या गटारांतून पाटी शोधत फिरली होती. अप्पाही बरोबर होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "जाऊ दे गं. नवी रंगवू."

पुंडलिकनं पुढं होऊन तुकडे गोळा करायला घेतले.

"परवा एका भोकातून बॅटरी मारून आत बघितलं तेव्हा एक अक्षर दिसलं होतं," तो हळू बोलला. "पाटी काय, कुणीपण उचलली असेल. ज्यानं काम केलं, त्यानं."

"त्यानं म्हणजे कुणी?"

"मला काय ठाऊक, अक्का."

या पट्टीवर बसूनच ती गिअर टाकायला शिकली होती.

"इकडं या," पुंडलिक म्हणाला. "अँगल सोडवतो आता. मी टाका मारतो, तुम्ही दार लावून बघा. गाडी मधनं खाली बसली की दार अडतंय. पट्टी सरळ आली की आपोआप लागतंय."

उजवं दार कधीच सरळ लागायचं नाही. 'उचलून लाव, उचलून!' हे अप्पांचं प्रत्येक शिकणाऱ्याला पहिलं वाक्य. बिजागरी खराब आहे, असं सगळे समजायचे. दीपश्री दार उघडत राहिली, लावत राहिली. संध्याकाळी ते एका बोटानं लागलं.

खंडे नवमीला गाडी दारात उभी राहिली. बॉनेटवर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. आईनं ओवाळलं, कोहळा फुटला. अप्पा काठी टेकत आले आणि सवयीनं डाव्या दाराकडं वळले. तिथं दीपश्री आधीच बसलेली.

"आज तुम्ही उजवीकडं, अप्पा."

"मी? माझा पाय वळतोय कुठं चालवायला?"

"चालवायचं नाही. नुसतं बसायचं. शिकायला आल्यासारखं."

अप्पा गाडीला वळसा घालून गेले. दार उघडलं. "टिंकरनं काही लबाडी केली नाही ना?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा."

ते आत बघत उभे राहिले. दीपश्री काचेतून समोरच्या हाराकडं बघत होती. जादा ब्रेक तिनं मघापासून दाबून धरला होता.

अप्पांनी काठीच्या टोकानं रबरी मॅट बाजूला सारली. मग दारापासून वीतभर आत, बरोबर पाटीचे तुकडे निघाले होते त्या जागी, काठी आपटली. ठण्ण. मान तिरकी करून कान दिला. परत आपटली. ठण्ण.

तेव्हा कुठं त्यांनी पाय आत टाकला.

बसल्यावर त्यांनी दार धरलं, नेहमीसारखं उचललं आणि ओढलं. दार धाडकन आपटलं.

"आता उचलावं लागत नाही," दीपश्री म्हणाली.