बाईंना सांगून ठेवलंय

मनीच्या फोनमध्ये एक बाई बसलेली असते, अशी तिच्या वडिलांची पक्की समजूत होती. मनीने फोन उचलला नाही की हीच बाई गोड आवाजात सांगायची, "आपण ज्या व्यक्तीला फोन केला आहे ती सध्या उपलब्ध नाही. कृपया आपला निरोप ठेवा." वडिलांचा उभा जन्म एका कारखान्याच्या फाटकावर पहारा देण्यात गेलेला. तिथे येणारा-जाणारा प्रत्येक फोन ऑपरेटरबाईंच्या हातून जायचा आणि निरोपही त्यांच्याकडेच ठेवायचा. तेव्हा आधी बाईंची विचारपूस करायची आणि मग काम सांगायचं, ही त्यांची रीत.

"बाबा, ती बाई नाही, यंत्र आहे," मनीने कितीदा तरी समजावलं.

"आमच्या ऑपरेटरबाईही कधी नजरेला पडल्या नाहीत. म्हणून काय त्या नव्हत्या?"

पालथ्या घड्यावर पाणी. मनीने नाद सोडला. ती चष्म्याची भिंगं घासायच्या कामाला होती. यंत्रापाशी फोन नेऊ देत नसत, तो दिवसभर कपाटात. संध्याकाळी वडिलांचा फोन येऊन गेलेला दिसला की निरोप न ऐकताच ती त्यांना फोन लावायची. ते पहिल्यांदा हेच विचारायचे, "बाईंनी सांगितलं ना?" आणि ती म्हणायची, "हो, सांगितलं." म्हाताऱ्या माणसाशी रोज कुठे वाद घालत बसायचं?

गेल्या महिन्यात ते गेले. दुसऱ्या गावी एकटेच राहायचे. शेजारच्या काकूंचा फोन आला तेव्हा दवाखान्यात सगळं आटोपलं होतं. पोटाचं ऑपरेशन झालं, ते सोसलं नाही. ऑपरेशन होतं हेच मनीला ठाऊक नव्हतं. "पोटची पोर मी, आणि माझ्यापासून लपवलं," असं ती भेटेल त्याला सांगत सुटली. दुःखाला रागाचा टेकू असला की माणूस उभा तरी राहतो. मनीही त्याच टेकूवर पुन्हा कामावर आली.

मग एक दिवस कामावरचे साहेब म्हणाले, "अगं, तुझा मेलबॉक्स भरलाय. निरोप ठेवायला गेलो तर घेतच नाही. रिकामा कर तो."

जेवणाच्या सुट्टीत ती कपाटांसमोरच्या बाकावर बसली. डबा तसाच मांडीवर ठेवून तिने फोनवर निरोपांची यादी उघडली. एकाखाली एक, सगळे 'बाबा'. प्रत्येकापुढे न ऐकल्याचा निळा ठिपका. आवाजाची आठवण म्हणून एखादा ठेवू, बाकीचे काढून टाकू, असं ठरवून तिने सगळ्यात जुन्यावर बोट ठेवलं.

"नमस्कार बाई. जेवण झालं का? आमच्या मनीला सांगा, वडिलांचा फोन होता. विशेष काही नाही."

वडील गेल्यापासून ती आज पहिल्यांदा हसली. पुढचेही सगळे तसेच निघाले. कुठे हवापाणी, कुठे गुडघेदुखी, कुठे बाईंच्या आवाजाचं कौतुक. मग एक वेगळा आला.

"बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. पोटात गाठ निघालीय. मनीला बोलू नका. तिचं काम नाजूक. लक्ष उडालं तर हात कापून घेईल."

त्याच्या पुढचा. "तुमचे आभार मानायचे होते. काल तिच्याशी बोललो, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही शब्द पाळलात."

मनीने डबा बाजूला ठेवला. आता एकच निरोप उरला होता.

"बाई, आता मात्र तिला सांगा. सोमवारी ऑपरेशन आहे. खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. ये म्हणून आग्रह करू नका, तिला रजा मिळायची मारामार. फक्त कानावर घाला. जमलं तर येईलच ती."

हा निरोप आला त्या संध्याकाळचा फोन तिला लख्ख आठवला. बसथांब्यावर उभी होती, बस समोर दिसत होती.

"बाईंनी सांगितलं ना? सगळं?"

"हो बाबा, सगळं सांगितलं."

"मग? तुझं काय?"

"माझं काय, कामाचा डोंगर आहे. या आठवड्यात मान वर करायला फुरसत नाही."

"बरं, बरं. काम आधी. मी आहे ठीक. जेवून घे वेळेवर."

त्यांनी लपवलं नव्हतं. पोरीला सगळं कळलंय आणि तरी ती येत नाहीये, असं समजून ते एकटेच ऑपरेशनला गेले होते. महिनाभर जपलेला राग मनीच्या हातून सुटला आणि धरायला काही उरलं नाही.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बायका उठल्या, हात धुवून आत गेल्या. मनी जागची हलली नाही. तिने वडिलांचा नंबर लावला. त्यांचा फोन तिच्याच घरी खणात बंद पडलेला होता, हे तिला ठाऊक होतं. तीच बाई बोलली, त्याच गोड आवाजात. आपण ज्या व्यक्तीला फोन केला आहे ती सध्या उपलब्ध नाही.

"नमस्कार बाई," मनी म्हणाली. "जेवण झालं का? आमच्या बाबांना एक निरोप द्याल? मला ठाऊक नव्हतं म्हणावं. ठाऊक असतं तर मी आले असते."