विश्वासाने तरण

“माझ्या हातून साधा काना जरी सुटला, तरी ब्रश खाऊन दाखवीन. केसांसकट,” असं पेंटरनं भर चर्चमध्ये जाहीर केलं, आणि पुढच्याच रविवारी काना सुटला.

काम तसं किरकोळ होतं. बाप्तिस्म्याच्या हौदावरची भिंत बोडकी दिसते, तिथे एखादा फळा लावू, असं पाळकांच्या मनात आलं. मजकूर पेंटरनं स्वतःच ठरवून टाकला: ‘केवळ विश्वासाने तारण’. हे त्याचं लाडकं मत. देव माणसाला वाचवतो तो माणसाच्या विश्वासावर, कामं बघून नाही, हे तो कुणालाही बसल्या जागेवरून समजावून सांगायचा. बसल्या जागेवरून अशासाठी की खुर्च्या मांडायची वेळ आली की नेमकी त्याची पाठ धरायची.

खुर्च्या मांडायची त्याची ताई. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. चर्चची फरशी पुसायची ती, आजाऱ्यांच्या उशाशी बसायची ती, बाळंतिणींच्या घरी सूप पोचवायची तीच. मजकूर कानावर पडला तशी हातातल्या पोछ्यासकट येऊन उभी राहिली. विश्वासाला हातपाय नसतात का, असं विचारून म्हणाली, त्यात ‘कृती’ घाल. पेंटर म्हणाला, तारण फुकट मिळतं, त्यात तुझ्या सुपाची भर कशाला? बोलल्याबरोबर त्याला कळलं की हे बोलायला नको होतं, पण शब्द काही ब्रशनं पुसता येत नाही.

“जिथे तुझा फळा, तिथे मी नाही,” ताई म्हणाली आणि पोछा खांद्यावर टाकून निघून गेली.

आठवडाभर पेंटर चर्चच्या ओट्यावर फळा रंगवत बसला. एक डोळा अक्षरावर, दुसरा फाटकावर. ताईशिवायचा एकही रविवार त्याला आठवत नव्हता. ती येत नाही म्हणजे आपलं मत जिंकलं, असं त्यानं मनाला बजावून पाहिलं, पण मन काही टाळ्या वाजवेना. असाच फाटकाकडे बघता बघता काना राहून गेला.

रविवारी पाळकांनी फळ्यावरची चादर ओढली. ‘केवळ विश्वासाने तरण.’ मंडळी डोळे बारीक करून वाचू लागली, आणि तेवढ्यात मागून एक बाई दोन पोरांना घेऊन आत आली. पोरांच्या गळ्यात टॉवेल. काल फळा बाहेर वाळत होता, तिनं जाता-येता वाचला होता.

“पोहण्याचा क्लास इथेच ना? विश्वाससर कोण?”

चर्चमध्ये हशा फुटला. मागच्या बाकावरून कुणीतरी ब्रशसाठी मीठ आणू का, असं विचारलं. पेंटरचे कान लाल झाले. आत्ताच्या आत्ता काना काढतो म्हणाला, शिडी ओढली, निळ्या रंगाचा डबा घेतला आणि चढला. त्या दिवशी एकाचा बाप्तिस्मा होता, म्हणून हौद काठोकाठ भरलेला. शिडीचा पाय ओल्या कडेवर. काना अर्धा झाला आणि शिडी सरकली. पेंटर, डबा आणि ब्रश तिघेही हौदात.

हौद फार तर छातीपर्यंत खोल. पण पेंटर गेला होता डोक्यावर, आणि पोहण्याशी त्याचा संबंध आला होता तो फक्त त्या फळ्यावर. काठावरच्या वडीलधाऱ्यांनी आधी प्रार्थना करावी की दोर शोधावा यावर चर्चा सुरू केली. पेंटरचं डोकं एकदाचं वर आलं. त्याला ना वचन आठवलं, ना देवाचं नाव.

“ताई!”

आत यायचं नाही हे ताईनं ठरवलं होतं, फाटकात उभं राहायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. ती पोछ्यासकट धावत आली, कडेला पाय रोवला आणि दांडा पुढे केला. त्यानं धरला. तिनं ओढला. पेंटर निळा होऊन फरशीवर आला.

“दांडा धरलात, ती कृती झाली बरं का, राजे,” ताई धापा टाकत म्हणाली.

“कृती कसली? तू ओढशील हे मला माहीत होतं, म्हणून धरला. हाच तो विश्वास.”

“आणि ओढलं कुणी?”

“तूच. जमा धर. सूप, पोछा आणि मी.”

ताईनं पदरानं त्याच्या नाकावरचा रंग पुसला. “वेडा रे वेडा. जमा व्हावं म्हणून ओढलं का तुला? भाऊ आहेस माझा. हात आपोआप गेला.”

पाळकांनी खिशातून काढलेलं प्रवचन घडी करून परत खिशात घातलं. आता मी बोलून काय करू, म्हणाले, आणि गाणं सुरू केलं. मंडळी अशी गायली की रस्त्यावरचे लोक दारात जमले. ज्याचा बाप्तिस्मा होता तो त्याच पाण्यात उतरला आणि किंचित निळा होऊन, हात उंचावून वर आला. टॉवेलवाल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ताई पहिल्या बाकावर बसली होती, फळ्याच्या बरोबर समोर. पेंटर ओल्या कपड्यांनी जादा खुर्च्या मांडत सुटला होता, आणि पाठ कुठे धरते ते त्याच्या लक्षातही नव्हतं. शब्द दिला होता म्हणून मधेच ब्रशचे केस तोंडात घालून त्यानं सगळ्यांदेखत चावले. चव वाईट होती, पण गडी हसत होता.

नवा मजकूर भावाबहिणीनं मिळून ठरवला: आधी विश्वास, मागून कृती. ताई शेजारी बसून सांगत होती, पेंटर तिच्याशी गप्पा मारत रंगवत होता. रविवारी पाळकांनी पुन्हा चादर ओढली. या खेपेला एकही काना सुटला नव्हता. फळ्यावर होतं, ‘विश्वासाने तारण, मागोमाग कुत्री’.