शिपायाच्या पोटात

शाळा सुटली की मावशीच्या दवाखान्यात जाऊन बसणं हा टिवटिवीचा जन्मसिद्ध हक्क होता. हजेरीत तिचं नाव वेगळंच होतं, पण मावशीच्या तोंडी हेच बसलं होतं आणि आता ते मांजरांनासुद्धा पाठ झालं असावं. मावशी जनावरांची डॉक्टर. आणि टिवटिवी नुकतीच सूक्ष्मदर्शकाची मालकीण झाली होती. म्हणजे मावशीनं त्याला हात लावायची परवानगी दिली होती, पण एवढा बारीक फरक कोण बघत बसतं?

आज मात्र तिची बडबड बंद होती, कारण टेबलावर लोड पडला होता. लोड म्हणजे कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचा कुत्रा. एके काळी खरोखरच लोडासारखा गुबगुबीत, आता नुसता अभ्रा उरला होता. ताप हटत नव्हता, मागचे पाय लटपटत होते आणि गोचीडतापाच्या गोळ्यांनी काडीचाही फरक पडला नव्हता.

"डॉक्टरीणबाई, खरं सांगा," गळ्यातली टेप चिवडत काका म्हणाले, "वाचेल ना हा? की मी मनाची तयारी करू?"

"आधी रोग तर सापडू दे, काका."

तो शोधायचं काम टिवटिवीकडे होतं. काचपट्टीवर पसरलेल्या रक्तातल्या तांबड्या पेशी तिनं पालथ्या घातल्या. मागे एकदा मावशीनं तिला तांबड्या पेशीत ठाण मांडून बसलेले परजीवी दाखवले होते, तेव्हापासून जगातले झाडून सगळे परजीवी तिथंच राहतात अशी तिची ठाम समजूत.

"काहीच नाही गं," ती म्हणाली.

मावशीनं लोडचे कान उलटेपालटे केले. "गोचीड आहेत का अजून अंगावर?"

"छे! रोज वेचतो ना मी," काकांची छाती फुगली. "आणि हा असला हुशार! मी काढून हवेत उडवायची, यानं खटकन मटकावायची. एक सोडत नाही. दुकानभर पसारा नको, म्हणून मीच शिकवलंय."

मावशीचा हात थांबला. "गिळतो तो त्या?"

"लाह्या खाव्यात तशा!"

"टिवटिवे, पट्टी पुन्हा लाव. कडेला जा, रक्ताचा थर संपतो तिथं. पांढऱ्या पेशी तिकडे जमतात. त्यांच्या पोटात बघ."

"अगं, पण त्या तर शिपाई! त्याच जंतूंना खातात ना?"

"तू बघ तरी."

तिनं बघितलं. आणि खुर्चीवरून उडालीच.

"मावशी! शिपायाच्या पोटात कॅप्सूल आहे! चक्क लांबट कॅप्सूल! पेशीचं जांभळं केंद्रक बिचारं कोपऱ्यात ढकललंय!"

"हेपॅटोझून," मावशी म्हणाली. "एकाच पेशीचा जीव. गोचीड चावल्यानं नाही, गिळल्यानं येतो हा. आतड्यातून आत शिरतो, प्लीहेत, हाडांच्या मगजात वाढतो आणि मग पांढऱ्या पेशीत जाऊन बसतो. पुढची गोचीड रक्त प्यायला येईपर्यंत."

"म्हणजे चोर पोलिसांच्याच गाडीतून हिंडतोय!"

काका मात्र एकदम खाली बसले. "म्हणजे मीच भरवला की हो त्याला!"

टिवटिवी त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, खुद्द शिपायाला कळलं नाही पोटात कोण बसलंय ते. तुम्हाला कुठून कळणार?"

"औषध आहे," मावशी म्हणाली. "तो मुळापासून जाईलच असं नाही, पण त्याचा जोर मोडता येतो. इंजेक्शनं मात्र पुन्हा पुन्हा द्यावी लागतील. आणि गोचीड यापुढे स्पिरिटच्या बाटलीत, कळलं?"

काकांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली.

सुरुवातीची इंजेक्शनं लोडनं मुकाट्यानं घेतली. टोचा, नाहीतर टोचू नका, त्याला काही देणंघेणंच नव्हतं. मग एका दुपारी मावशी सिरिंज घेऊन वाकली, तर तो गुरगुरला, चारी पायांवर उभा राहिला आणि त्यानं तिच्या पांढऱ्या कोटाचा खिसा टर्रकन फाडला.

"अरे नालायका!" काका ओरडले. "डॉक्टरीणबाईंवर गुरगुरतोस? लाज नाही वाटत?" ओरडता ओरडता ते हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते.

"फाडू दे हो," मावशी म्हणाली. "अंगात जोर आला म्हणून तर फाडला."

"काढा तो कोट, आत्ता शिवून देतो." काकांनी कॉलरमध्ये खोचलेली सुई काढली. पण दोरा काही सुईत जाईना. शेवटी टिवटिवीनंच तो ओवून दिला.